शनिवारच्या वर्गाचे फोटो कंपनीला द्यावेत का?

कृष्णाकाठची (शुक्रवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. घरात सगळ्यांची मतं ऐकून झाली तरी डोक्यातनं विषय जात नाहीये.

मी २००६ पासून पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्कात आहे. मूळची कराडची, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता केली आणि पेपरात न जाता पुण्यातल्या एका एजन्सीत लागले. तेव्हा मराठी प्रेस नोट श्रीलिपीत टाइप करायचो, समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की सगळी अक्षरं गिचमिड दिसायची, मग प्रिंट काढून गाडीला किक मारून पेठेतल्या कचेऱ्यांत एकेकाच्या टेबलावर ठेवून यायचं. आता एका कारखानदारी कंपनीत कॉर्पोरेट कम्युनिकेशन बघते, हाताखाली सहा जणांची टीम आहे. काम मनापासून आवडतं, हे आधीच सांगते.

दुसरी गोष्ट म्हणजे आठ वर्षं आम्ही काही जण पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीत शनिवार-रविवार अभ्यासिका चालवतो. आठवी ते दहावीच्या मुली. घरं दहा बाय दहाची, त्यात टीव्ही, धाकटी भावंडं, पाहुणे, अभ्यासाला कोपरा कुठून मिळणार. समाजमंदिराचा हॉल मिळालाय. दारातल्या चपलांचा ढीग बघितला की आज किती जणी आल्यात ते मला आत जायच्या आधीच कळतं.

आता अडचण. कंपनीला एका पुरस्कारासाठी एन्ट्री द्यायचीय, वार्षिक अहवालात दोन पानं पण ठेवलीत. आमचे साहेब (माणूस चांगला आहे, मला त्यांच्याबद्दल आदर आहे) म्हणाले, अगं बाहेर कशाला गोष्ट शोधायची, तुझीच आहे की. दोन मिनिटांची फिल्म करू, मुली कंपनीचे टी-शर्ट घालतील, तू फळ्यावर शिकवतेस असं दाखवू. बदल्यात अभ्यासिकेला मदत मिळेल. मदत खरंच हवीय, पंखे बंद पडलेत आणि गणिताला शिक्षक नाही.

आठ वर्षांत मी एकदाही गळ्यात आयकार्ड घालून त्या हॉलमध्ये गेले नाहीये. लोकांच्या गोष्टी सांगायच्या हाच माझा धंदा आणि इथेच येऊन अडले. तुम्ही काय केलं असतं?

सातारी_कंदी (शुक्रवार, रात्री ११:५८)

द्या की बिनधास्त. पंखे महत्त्वाचे. फोटोने कुणाच्या अंगाला भोकं पडत नाहीत.

अभया (शनिवार, सकाळी ७:१०)

कंदी, भोकं पडत नाहीत हे खरंय, पण मी पलीकडच्या बाजूला असते म्हणून सांगते. बारा वर्षं एका छोट्या संस्थेत काम करतेय. कंपन्यांचे स्वयंसेवक आमच्याकडे येतात ते साधारण डिसेंबर ते मार्च, कारण वर्ष संपत आलेलं असतं. आमच्या बालवाडीची एक भिंत आहे, रस्त्याकडून छान दिसते. ती भिंत एका वर्षात तीन कंपन्यांनी रंगवली. पहिल्यांनी फुलपाखरं काढली, दुसऱ्यांनी त्यावर झाडं आणि तिसऱ्यांनी पांढरा हात मारून सूर्यमाला. संडासाची कडी तुटलेली होती ती तुटलेलीच. आम्ही सांगितलं नाही असं नाही, सांगितलं, पण कडी बसवायला चाळीस माणसं लागत नाहीत आणि कडीसोबत फोटो निघत नाही.

त्या येणाऱ्या पोरापोरींना मी दोष देत नाही हं. ती मनापासून येतात, एकदोघं तर नंतर एकटी परत येतात आणि ती आमची कायमची होतात. कृष्णाकाठची, तू तर आठ वर्षं येणारी आहेस. तुझ्यासारख्या बाईच्या बाबतीत मला वेगळीच भीती वाटते. एकदा शूटिंग झालं ना, की त्या पोरींच्या नजरेत तू 'कंपनीच्या मॅडम' होशील. आत्ता काय म्हणतात तुला?

कृष्णाकाठची (शनिवार, सकाळी ७:४५)

ताई म्हणतात. एक जण नुसतं 'ओ' म्हणते :)

अभया (शनिवार, सकाळी ७:४७)

मग ते 'ओ' जप.

हिशेबनीस (शनिवार, सकाळी १०:०५)

सीए आहे, थोडं कायद्याचं सांगतो कारण अशा चर्चेत गोंधळ होतो. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. ज्या कंपनीची नेटवर्थ किमान ५०० कोटी किंवा उलाढाल किमान १००० कोटी किंवा निव्वळ नफा किमान ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर खर्च करायचे.

आता तुमच्या प्रश्नाशी संबंध असलेलं. एक म्हणजे कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची पैशात किंमत लावून ती सीएसआर खर्चात धरता येत नाही. म्हणजे तुमचे आठ वर्षांचे शनिवार हे कायद्याच्या लेखी कंपनीचे नाहीत, तुमचेच आहेत. दुसरं, आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून स्पॉन्सर केलेला कार्यक्रम सीएसआरमध्ये बसत नाही, २०२१ च्या नियमांत तसं स्पष्ट लिहिलंय. प्रशासकीय खर्चालाही ५ टक्क्यांची मर्यादा आहे. आणि ज्या संस्थेमार्फत पैसा खर्च करायचाय तिची सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी लागते. तुमची अभ्यासिका नोंदणीकृत आहे का? नसेल तर साहेबांचं 'मदत मिळेल' हे कुठल्या खात्यातून मिळणार ते आधी विचारा. पंखे आले तर ते टी-शर्टच्या बजेटमधून येतील, सीएसआरमधून नाही.

कृष्णाकाठची (शनिवार, दुपारी १:३०)

हिशेबनीस, खूप आभार. नोंदणी नाहीये, आम्ही आपले मित्रमंडळी आहोत. हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

बे_एरियातली (शनिवार, दुपारी ४:२०)

इकडे कॅलिफोर्नियात बऱ्याच मोठ्या कंपन्यांत पद्धत आहे, तुम्ही जितके तास स्वयंसेवा कराल त्याप्रमाणे कंपनी त्या संस्थेला काही रक्कम देते. तास तुम्हीच पोर्टलवर भरायचे, संस्था कन्फर्म करते, संपलं. माझ्या बाबतीत तरी फोटो कुणी मागितला नाही. मी फूड बँकेत दर महिन्याला बटाटे निवडते. दोन तास सडका बटाटा बाजूला काढायचा एवढंच काम, शेजारी कोण उभंय, कुठल्या पदावर आहे, काही माहीत नसतं. फार शांत वाटतं.

पण एक खुपतं. पोर्टलवर तास भरताना मनात हिशोब सुरू होतोच, अजून चार तास केले की टप्पा पूर्ण. लहानपणी आजी सत्संगाच्या स्वयंपाकाला जायची, तिने कधी तास मोजले नसतील.

जुना_बातमीदार (शनिवार, रात्री ९:१५)

मी तीस वर्षं जिल्हा आवृत्तीत काढली, आता निवृत्त. वरच्या सूरापेक्षा थोडं वेगळं बोलतो.

फोटोला एवढं घाबरू नका. आमच्याकडे एका वसतिगृहातल्या मुलींच्या पाण्याची बातमी मी दोनदा छापली, काही हललं नाही. तिसऱ्यांदा फोटोग्राफरने हंडा घेऊन जिना चढणाऱ्या मुलीचा फोटो काढला, पाठमोरा, चेहरा दिसतच नव्हता. चौथ्या दिवशी टँकर आणि महिन्याभरात मोटर. त्यामुळे 'फोटो म्हणजे वाईट' हे मला मान्य नाही. फोटो कुणासाठी काढलाय ते बघायचं. त्या फोटोतून मुलीला पाणी मिळालं. तुमच्या फिल्ममधून मुलींना काय मिळणार आणि कंपनीला काय मिळणार, दोन्ही एका कागदावर लिहा. कुठलं पारडं जड आहे ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

आणि जाता जाता पीआरवाल्या मुलींबद्दल. आमच्या डेस्कवर त्यांची फार टिंगल व्हायची, 'पुष्पगुच्छ डिपार्टमेंट' म्हणायचे. मीही हसलोय तेव्हा. पण ज्या बाईने मला कधीही खोटी माहिती दिली नाही अशा दोघी मला आठवतात आणि दोघी पीआरमधल्याच होत्या. फोनवर स्पष्ट म्हणायच्या, हे मला सांगता येणार नाही, पण तुम्ही जे ऐकलंय ते छापू नका, ते चूक आहे. आणि ते चूकच निघायचं.

नवखी (रविवार, सकाळी ११:००)

धाग्याचा विषय सोडून विचारतेय, माफ करा. मी मास मीडियाच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पीआरमध्ये जायचंय. घरचे म्हणतात हे काही करिअर नाही, पार्ट्या आणि हसतमुख उभं राहायचं काम. कृष्णाकाठची ताई, खरं काय असतं?

कृष्णाकाठची (रविवार, दुपारी १२:४०)

नवखी, माफी कसली. मनापासून लिहिते.

सुरुवातीची वर्षं मी पण पुष्पगुच्छच धरले, बातमीदार काकांचं खरं आहे. पाहुणे आले की बुके द्यायला मुलगी, माइक फिरवायला मुलगी आणि पत्रकारांचे अवघड प्रश्न आले की उत्तर द्यायला साहेब. रोज सकाळी सातला पेपरांची कात्रणं काढून चिकटवायची, किती सेंटिमीटर बातमी आली ते पट्टीने मोजायचं आणि तेवढ्या जागेत जाहिरात दिली असती तर किती पैसे पडले असते तो आकडा क्लायंटला द्यायचा. याला एव्हीई म्हणतात. २०१० मध्ये बार्सिलोनात या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र येऊन तत्त्वं ठरवली, त्यात स्पष्ट सांगितलं की एव्हीई म्हणजे पीआरच्या कामाची किंमत नव्हे. तरी अजून मागणारे मागतातच. तुला कुणी पट्टी दिली तर मोजून दे, पण सोबत विचार की ही बातमी वाचून कुणाचं मत बदललं का.

खरं काम मला एका रात्री कळलं. आधीच्या एका कंपनीत प्लँटमध्ये अपघात झाला, एका कामगाराच्या हाताला जबर इजा. रात्री साडेदहाला फोन आला, निवेदन तयार करा. वरून आलेल्या मसुद्यात शब्द होता 'किरकोळ घटना'. मी तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होते, घरून काम करत होते. मी हॉस्पिटलमध्ये असलेल्या एचआरच्या मुलाला फोन लावला, मागून एका बाईचा आवाज येत होता, एकच वाक्य परत परत म्हणत होती, 'त्यांचा उजवा हात आहे हो.' मी तो शब्द खोडला. वरून फोन आला, परत घाला. मी म्हटलं, सर, उद्या सकाळी त्या बाई पेपर वाचतील. बराच वेळ फोनवर कुणी बोललं नाही. शब्द गेला तो गेलाच.

नंतर माझ्या अप्रेझलमध्ये 'टीमसोबत जुळवून घेत नाही' असं आलं, तेही सांगते, कारण तुला चित्र पूर्ण दिसायला हवं. पण मी हे क्षेत्र सोडलं नाही ते त्या रात्रीमुळेच. निवेदनात कुठला शब्द राहणार हे ठरवायला कुणीतरी त्या खोलीत असावं लागतं, आणि ते कुणीतरी तू असू शकतेस.

सातारी_कंदी (रविवार, दुपारी १२:५५)

ताई, सलाम. माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही पण पुन्हा विचार करतोय.

हिशेबनीस (रविवार, दुपारी २:१०)

यावरून १९८२ चं अमेरिकेतल्या टायलेनॉल या वेदनाशामक गोळ्यांचं प्रकरण आठवलं. शिकागोत गोळ्यांत कुणीतरी सायनाइड मिसळलं, सात जण गेले आणि कंपनीने जवळपास ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत मागवल्या. आम्हाला केस स्टडी म्हणून होती. आपल्याकडे २०१५ मध्ये मॅगीचं झालं, जूनमध्ये बंदी आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द करून नव्याने चाचण्या करायला सांगितल्या. नंतर परत बाजारात आली.

बे_एरियातली (रविवार, संध्याकाळी ६:३०)

मॅगी बंद होती तेव्हा भारतातून माझ्या भाचीने मला मेसेज केला होता, मावशी येताना घेऊन ये. उलटी गंगा :D

सांगलीकर_८५ (रविवार, रात्री १०:२५)

विषय स्वयंसेवेचा आहे म्हणून लिहितो. ऑगस्ट २०१९ चा पूर. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेलेली, धोक्याची पातळी ४५. आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर मदतीचे ट्रक यायला लागले आणि अख्ख्या महाराष्ट्राने जी माया केली ती आम्ही विसरणार नाही, हे पहिलं.

पण ट्रकमधून काय यायचं, तर जुने कपडे. ढीगच्या ढीग. शाळेच्या मैदानात ओल्या चिखलात कपड्यांचे डोंगर झालेले. पार्टीचे गाऊन, एका पायाचा बूट, लग्नातला शेरवानी. हवं होतं काय? खराटे, फावडी, फिनेल, ब्लीचिंग पावडर, बायकांना आतले कपडे आणि पॅड, पोरांना वह्या. हे कुणी विचारलंच नाही. एका कंपनीच्या लोकांनी मात्र गाडी पाठवायच्या आधी फोन केला. एक बाई होत्या, त्यांनी माझ्या बायकोशी पंधरा मिनिटं बोलून यादी लिहून घेतली. त्यांची गाडी आली ती यादीबरहुकूम, वर बॅनर नव्हता. नंतर कळलं त्या तिथल्या पीआरच्या मॅडम होत्या. नाव आजही माहीत नाही.

म्हणून कृष्णाकाठची ताई, तुमचं काम आणि तुमचा शनिवार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला नाही वाटत. आधी विचारायचं आणि मग बोलायचं, दोन्हीकडे तेच आहे.

अभया (रविवार, रात्री १०:४०)

सांगलीकर, अगदी. २०१८ च्या महाराष्ट्र दिनाला पाणी फाउंडेशन या दुष्काळाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेच्या महाश्रमदानाला आमच्या ओळखीतले शहरातले बरेच जण गेले होते. मी ज्या गावात होते तिथल्या बायका रोज पहाटेच सीसीटी, म्हणजे पाणी जिरवायचे चर खणायला जायच्या, ऊन चढायच्या आत घरी, कारण पुढे रोजगार. शहरातले पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी उशिरापर्यंत थांबल्या. एक आजी मला म्हणाल्या, पाहुण्यांना टिकाव धरता येत नाही, पर हौस दांडगी हाय, शिकवू त्यास्नी. शिकवलंनही. त्या चराच्या कडेला आजी आमची मास्तरीण होती. तसा फोटो असेल ना, तर मी पहिली म्हणेन छापा.

काळा_कोट (सोमवार, सकाळी ९:२०)

वकील आहे, बालहक्कांच्या केसेस बघते. दोन मुद्दे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख माध्यमांत उघड करता येत नाही. तुमच्या सगळ्या मुली त्यात येतीलच असं नाही, पण एखादीची केस बालकल्याण समितीसमोर असेल तर तिला नक्की लागू होतं आणि ते तुम्हाला माहीतही नसेल. दुसरं, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. 'मुली हो म्हणाल्या' एवढं पुरत नाही.

आणि कायद्यापलीकडचं. ती फिल्म इंटरनेटवर राहते. आज नववीतली पोर उद्या पंचवीस वर्षांची होऊन नोकरीला जाईल, तेव्हा कुणीतरी तिचं नाव शोधेल आणि 'वंचित मुलगी' म्हणून तिचा चेहरा समोर येईल. तिला ते चालेल का हे आज तिला सांगताच येणार नाही.

जुना_बातमीदार (सोमवार, सकाळी १०:००)

काळा कोट, हा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. आमच्या वेळी पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचा.

नवखी (मंगळवार, रात्री ८:०५)

ताई, पुढे काय झालं? मी रोज धागा उघडून बघतेय.

कृष्णाकाठची (रविवार, दुपारी ३:५०)

उशीर झाला, सॉरी. हा आठवडा फार धावपळीचा गेला.

मी काकांनी सांगितला तसा कागद केला, दोन रकाने. मग काल शनिवारी वर्ग संपल्यावर मुलींना आणि सहा जणींच्या आयांना थांबवून घेतलं आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं, पुरस्कार, टी-शर्ट, पंखे, सगळं. मला वाटलेलं मुली हरखून जातील. दोघीतिघी हरखल्याही, टी-शर्ट कुठल्या रंगाचा विचारलं. पण मग माझी ती 'ओ' म्हणणारी, फारशी न बोलणारी, तिने विचारलं, 'त्यात आम्ही काय शिकतो ते दाखवणार का कुठं राहतो ते?' मी तिला खरं उत्तर दिलं, दोन्ही, पण दुसरं जास्त. तिने मान हलवली आणि कंपासपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायला लागली. त्यांच्या घराचा पत्रा गळतो म्हणून ती सगळं पिशवीत ठेवते.

एका मुलीच्या आई, सोसायट्यांमध्ये पोळ्यांची कामं करतात, म्हणाल्या, 'ताई, माझ्या पोरीचा फोटू लावा, माझी ना नाही. पण खाली झोपडपट्टीतली लिहू नका. नववीत आहे, वर्गात तिसरी आहे, ते लिहा.'

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं आणि आज सकाळी साहेबांना फोन केला. सोमवारपर्यंत धीर धरवला नाही. सांगितलं की फिल्म होणार नाही, एन्ट्रीत अभ्यासिका येणार नाही, तिथे कंपनीचं काही नाहीये. काळा कोट आणि हिशेबनीस यांचे मुद्दे सांगितले, आणि मग त्या आईंचं वाक्य वाचून दाखवलं. कायद्याच्या मुद्द्यांवर ते हं हं करत होते, वाक्यावर गप्प झाले. म्हणाले, ठीक आहे, बघू. नाराज आहेत हे आवाजावरून कळलं. पुरस्काराची एन्ट्री आता प्लँटजवळच्या पाणी योजनेची जाईल, ती खरोखर कंपनीने केलीय. तिथे मी स्वतः जाऊन लोकांशी बोलून लिहिणार आहे.

पंख्यांचं अजून काहीच नाही.

सातारी_कंदी (रविवार, दुपारी ४:०२)

पंखे किती लागतात? माझ्या मामेभावाचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे बिबवेवाडीला. बंद पडलेत म्हणजे बहुतेक कपॅसिटर गेले असतील, नवे घ्यायची गरजही नसेल. येत्या शनिवारी मी येऊन बघतो. फोटो काढणार नाही, शब्द :)

हिशेबनीस (रविवार, दुपारी ४:३०)

गणित मी घेऊ शकतो, रविवारी सकाळी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऑडिटमुळे दांड्या होतील हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मुली वाट बघत बसणार नाहीत. दहावीच्या किती जणी आहेत?

कृष्णाकाठची (रविवार, दुपारी ४:३६)

अकरा. भूमितीला घाबरतात. दोघांनाही मेसेजमधून पत्ता पाठवते. हॉलची किल्ली शेजारच्या किराणा दुकानात असते, साडेनऊला उघडतं.

नवखी (रविवार, दुपारी ४:४१)

ताई, मी पण येऊ का? मला शिकवता येईल की नाही माहीत नाही.

कृष्णाकाठची (रविवार, दुपारी ४:४४)

ये गं. हजेरी घे आधी.